ब्लॉकिंगचं मॉडेल करायचंय? आधी मोजायला शिका

ब्लॉकिंग म्हणजे उच्चदाबाचा प्रदेश बरेच दिवस एकाच जागी ठाण मांडून पश्चिमी वारे अडवतो ती स्थिती. त्यासाठी थेट मोठ्या हवामान-मॉडेलला हात घालू नका. आधी पुनर्विश्लेषणातली (जुनी निरीक्षणं मॉडेलशी जुळवून बनवलेल्या हवामान-नोंदींमधली) ५०० हेक्टोपास्कलची उंची, म्हणजे हवेचा दाब तेवढा असतो ती उंची, घ्या आणि ब्लॉकिंग ओळखणाऱ्या टिबाल्डी-मोल्टेनी निर्देशांकाचा (१९९०) कोड स्वतः लिहा. ६० अंश उत्तरेजवळची उंची ४० अंशांजवळच्यापेक्षा जास्त, आणि ६० अंशांपासून ध्रुवाकडे दर अंशाला १० मीटरहून अधिक घसरण, म्हणजे त्या रेखांशावर पश्चिमी प्रवाह अडलाय. हे सलग पाचेक दिवस टिकलं तरच ब्लॉकिंग म्हणा, नाहीतर पुढे सरकणारी लाटही मोजली जाते. मग २०१० च्या जुलै-ऑगस्टमधली रशियातल्या उष्णतेच्या लाटेमागचं ब्लॉकिंग तपासा. ते सापडलं नाही तर कोड चुकलाय.

मॉडेलमध्ये युरोप-अटलांटिक भागात ब्लॉकिंग बहुधा कमीच दिसेल. हा दोष जुना आहे, घाबरू नका. पण रिझोल्यूशन (मॉडेलच्या जाळीची बारकाई) वाढवायला धावण्याआधी सरासरी प्रवाह बघा! पश्चिमी वारे मुळातच जास्त जोरदार असतील तर निर्देशांक उंबरठा ओलांडतच नाही. गल्फ स्ट्रीमजवळचं समुद्राचं तापमान, डोंगरांची उंची, हेही तपासा. सगळ्यांत दुर्लक्षित राहते ती सुप्त उष्णता, म्हणजे वाफेचं पाणी होताना बाहेर पडणारी उष्णता: तिच्यामुळे वर चढणारी ओली हवा वरच्या थरातल्या प्रतिचक्रवाताला (उच्चदाबाच्या भोवऱ्याला) बळ देते.