युगांडात शाळेसाठी निघालेला सरकारी पैसा शाळेपर्यंत किती पोचतो आणि ते तपासायचं कसं?

तुम्ही विचारलंय की आफ्रिकेतल्या गरीब देशांत सरकार शिक्षणावर एवढा खर्च दाखवतं, तरी शाळेत खडूसुद्धा धड नसतो; मग पैसा जातो कुठे, आणि बाहेरच्या माणसाला ते तपासता येतं का? अख्ख्या आफ्रिकेबद्दल सरसकट उत्तर देण्यात अर्थ नाही, म्हणून मी युगांडा घेतो. या प्रश्नाचा सगळ्यात बारकाईने छडा तिथेच लागला आहे.

आधी एक गोष्ट सोडून द्या, ती म्हणजे ‘अर्थसंकल्पाच्या किती टक्के’ हा आकडा. तो सरकारने काय ठरवलं एवढंच सांगतो. शाळेच्या पेटीत काय पडलं, हे त्यातून कळत नाही. त्यातही प्राथमिक शिक्षणाच्या खर्चाचा मोठा वाटा शिक्षकांच्या पगाराचा असतो. खडू, वह्या, पुस्तकं, दुरुस्ती यांसाठी जे उरतं ते पटसंख्येवर मिळणारं अनुदान, म्हणजे दर मुलामागे ठरलेली रक्कम. गळती शोधायची तर या अनुदानाचाच माग काढावा, कारण त्याचा हिशोब कोणालाही करता येतो. मुलांची संख्या गुणिले दर, बस.

युगांडात 1991 ला हा दर खालच्या वर्गांसाठी मुलामागे 2500 शिलिंग आणि वरच्या वर्गांसाठी 4000 शिलिंग असा ठरला होता. 1996 मध्ये 19 जिल्ह्यांतल्या 250 सरकारी प्राथमिक शाळांची पाहणी झाली. पद्धत साधी होती. 1991 ते 1995 या वर्षांत कोषागारातून किती पैसे सुटले हे एकीकडे, आणि शाळेच्या स्वतःच्या नोंदींत किती आले हे दुसरीकडे. दोन्ही शेजारी ठेवल्यावर निघालं की सरासरी 13 टक्के पोचले होते. शंभर शिलिंग निघाले तर शाळेत तेरा. आणि तेही सरासरीने. बहुतेक शाळांना काहीच मिळालं नव्हतं. ज्या गावात पालकांची परिस्थिती बरी, त्या शाळेच्या पदरात जास्त पडत होतं, कारण तिथले लोक जिल्ह्याला जाऊन भांडू शकत होते. म्हणजे गरिबांसाठीचं अनुदान वाटेत उलटं फिरत होतं. मला हे 13 टक्क्यांपेक्षाही जास्त टोचतं.

उरलेले 87 गेले कुठे? सगळे कोणाच्या खिशात गेले असं म्हणायला पुरावा नाही. पैसा जिल्ह्याच्या एकत्र खात्यात यायचा आणि त्यावर ‘हे शाळेचे’ अशी खूण नसायची. जिल्हा कार्यालयाच्या नजरेत तो आपलाच पैसा. त्यातून इतर खाती भागायची, स्थानिक राजकारणाची गरजही भागायची. अमुक दराने अनुदान येतं हे मुख्याध्यापकाला बहुतेक वेळा ठाऊकच नव्हतं, आणि जे येणार हेच माहीत नाही ते मागणार कोण? शाळा चालत होती ती पालकांच्या वर्गणीवर. शाळेच्या उत्पन्नाचा निम्म्याहून मोठा वाटा तोच होता.

त्याच पाहणीत आणखी एक विसंगती सापडली. सरकारी आकडे सांगत होते की त्या पाच वर्षांत पटसंख्या जवळपास जागच्या जागी आहे, तर शाळांच्या हजेरीपटांत ती सुमारे 60 टक्क्यांनी वाढलेली होती. केंद्राच्या तक्त्यावरून हिशोब करणाऱ्याचा पायाच चुकतो तो असा.

यानंतर सरकारने दर महिन्याला कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम सोडली ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली, ‘न्यू व्हिजन’मध्ये आणि स्थानिक भाषांतल्या पत्रांतही. शाळेच्या आणि जिल्हा कार्यालयाच्या फलकावर आलेली रक्कम लिहिणं सक्तीचं झालं. 2001 च्या पाहणीत 80 टक्क्यांहून जास्त पैसा शाळेत पोचत होता. ज्या शाळेपासून वर्तमानपत्र विकणारं ठिकाण जवळ होतं, तिथल्या मुख्याध्यापकांना नियम जास्त माहीत होते आणि त्यांच्या वाट्याला रक्कमही जास्त आली होती.

ही गोष्ट जगभर सांगितली जाते, पण अर्धीच. 1997 मध्ये युगांडाने प्राथमिक शिक्षण मोफत केलं, सुरुवातीला एका कुटुंबातल्या चार मुलांपुरतं. पट एका वर्षात सुमारे 30 लाखांवरून 50 लाखांच्या पुढे गेला. अनुदानाचा दर पहिली ते तिसरीसाठी 5000 आणि चौथी ते सातवीसाठी 8100 शिलिंग झाला. 1998 मध्ये देशाला कर्जमाफी मिळाली आणि त्यातला पैसा दारिद्र्य निवारणाच्या वेगळ्या निधीत बांधून ठेवला गेला. वर्षाच्या मधे त्याला कात्री लावायची नाही असा नियम होता. शाळांचं अनुदान जिल्ह्याला दुसरीकडे वळवता येणार नाही, अशी अटही आली. म्हणून ‘वर्तमानपत्राने चोरी थांबवली’ असं म्हणणं मला पटत नाही. छापील आकड्याला धार आली ती रकमेवर शाळेचं नाव लागलं म्हणून. जाहीर करायला आधी ठरलेली, बांधलेली रक्कम हवी.

आफ्रिकेतल्याच झांबियात हेच दुसऱ्या बाजूने दिसलं. तिथे प्रत्येक शाळेला ठरावीक रक्कम देणारं एक अनुदान होतं, ते नव्वद टक्क्यांहून जास्त शाळांना मिळालं. अधिकाऱ्याच्या मर्जीने वाटायचा पैसा मात्र वीस टक्क्यांहूनही कमी शाळांपर्यंत गेला. देश तोच, खातं तेच. फरक फक्त नियमाचा.

आता तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर. समजा 1997 च्या दराने एका शाळेत पहिली ते तिसरीत 400 आणि चौथी ते सातवीत 200 मुलं आहेत. 400 गुणिले 5000 म्हणजे 20 लाख. 200 गुणिले 8100 म्हणजे 16 लाख 20 हजार. वर्षाला 36 लाख 20 हजार शिलिंग, तीन सत्रांत विभागले तर सत्राला सुमारे 12 लाख. तेव्हा डॉलरला साधारण 1100 शिलिंग होते, म्हणजे 600 मुलांच्या शाळेला वर्षाचे साडेतीन हजार डॉलरसुद्धा नाहीत. दर नंतर वाढले, गणित तेच राहिलं. ज्या वर्षाचा हिशोब करायचा त्याच वर्षाचा दर घ्या.

शाळेत गेल्यावर चार कागद मागा: हजेरीपट, बँकेचं पासबुक, कॅशबुक आणि पावत्यांची फाइल. पासबुकावरची जमा तारखेसह उतरवून घ्या. मग तीच रक्कम कॅशबुकात त्याच आठवड्यात आहे का ते पाहा. नसेल तर आधी विचारा, आरोप करू नका. पुष्कळदा मुख्याध्यापक महिन्याच्या शेवटी एकदाच लिहितो. पुढे खर्चाच्या तीन-चार नोंदी निवडा आणि वस्तू डोळ्यांनी पाहा. पुस्तकं घेतली असतील तर ती मुलांच्या हातात आहेत की कपाटात कुलूपबंद, हेही बघा. ‘हरवली तर भरून कोण देणार’ या भीतीने ती आत राहतात. हीसुद्धा गळतीच आहे, फक्त ती कोणत्याही हिशोबात दिसत नाही.

चुका होतात त्या बहुधा तीन जागी. पहिली तारखांची. युगांडाचं आर्थिक वर्ष जुलैत सुरू होतं आणि शाळेचं वर्ष फेब्रुवारीच्या सुमारास. त्यामुळे एका शालेय वर्षात दोन अर्थसंकल्पांचे हप्ते येतात. वर्ष जुळवलं नाही तर पैसा गायब झाल्यासारखा दिसतो, किंवा दुप्पट आल्यासारखा. दुसरी पटाची. केंद्र जुन्या पटावर रक्कम सोडतं, तुम्ही आजच्या हजेरीपटाने गुणता. मधला फरक चोरी नसतो. तिसरी वस्तूंची. जिल्ह्याने रोख न देता खडूचे खोके किंवा पुस्तकं दिली असतील, तर त्यांची किंमत जमेत धरावी लागते.

पैसा पोचला तरी काम संपत नाही. 2002-03 मध्ये अचानक भेटी देऊन प्राथमिक शिक्षकांची गैरहजेरी मोजली, तेव्हा युगांडात 27 टक्के शिक्षक शाळेत नव्हते. भारतात 25 टक्के निघाले, आणि महाराष्ट्रात 14.6, देशात सगळ्यात कमी. पगार मात्र सगळ्यांचा झालेला असतो. मोफत शिक्षणानंतर खालच्या वर्गांत एकेका शिक्षकासमोर शंभर मुलं बसू लागली. अशा वर्गात अनुदानाच्या खडूने कितीसं होणार?

घरचा खर्चही धरायला हवा. झांबियात आणि आपल्याकडे आंध्र प्रदेशात शाळांच्या अनुदानाचा अभ्यास झाला. अनुदान अनपेक्षित आलं तेव्हा मुलांचे गुण वाढले. ते येणार हे आधी कळलं तेव्हा पालकांनी वह्या-पुस्तकांवरचा आपला खर्च कमी केला आणि फायदा जवळजवळ पुसला गेला. यात पालकांचा दोष नाही. ज्याच्याकडे मोजकेच पैसे आहेत तो हेच करणार. म्हणून पालकांना जे स्वतः विकत घेता येत नाही, त्यावर सरकारने आधी खर्च करावा असं माझं स्पष्ट मत आहे: शिक्षक, वर्गखोल्या, संडास. दुपारच्या जेवणाचं मात्र युगांडाच्या 2008 च्या शिक्षण कायद्यात पालकांवर टाकलं आहे. मोफत शाळेतलं मूल दुपारी उपाशी बसलेलं दिसलं तर ती अनुदानाची गळती समजू नका. त्यासाठी पैसा निघालेलाच नव्हता.

भेटीसाठी सत्राचा तिसरा-चौथा आठवडा धरा. पट स्थिरावलेला असतो, हप्ता यायला हवा होता की नाही हेही कळतं. आत शिरताना आधी भिंतीवरचा फलक बघा. त्यावर रक्कम आणि तारीख लिहिलेली असेल तर उतरवून घ्या, आणि पासबुक त्यानंतर मागा.