प्रोसिडिंग वाचल्याशिवाय सही नको

प्रश्न : निफाड तालुक्यात महिला राखीव जागेवर मी सरपंच झाले. मासिक सभेला खुर्चीवर मिस्टर बसतात, प्रोसिडिंग (सभेच्या ठरावांचं रजिस्टर) सहीला घरी येतं. गावात बोभाटा न होता हे कसं थांबवू?

ताई, सहीपासून सुरुवात करा. रजिस्टर घरी घेऊच नका. सभेला स्वतः बसा आणि तिथेच वाचून सही करा. प्रत्येक ठरावाला सूचक-अनुमोदक आहेत का, ते बघा. शेवटच्या ओळीखाली मोकळी जागा सुटली असेल तर आडवी रेघ मारा, नाहीतर मागाहून तिथे काहीही घुसडता येतं. चेकवर ग्रामपंचायत अधिकाऱ्यासोबत (पूर्वीचे ग्रामसेवक) तुमचीही सही लागते. कोऱ्या चेकवर ती करू नका, मागणारा घरचा असला तरी. उद्या अफरातफर निघून ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली चौकशी लागली, तर नोटीस तुमच्या नावाने येईल, मिस्टरांच्या नाही. घरी नेमकं हेच सांगा. हक्काचं बोललं की वाद होतो, नोटिशीचं मात्र लगेच पटतं. सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल. होऊ द्या.

प्रश्न : सुरगाण्यात आमची महिला ग्रामसभा नुसती कागदावर होते. काय करावं?

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावीच लागते, कायदाच आहे. बायका कामावरून परतल्यावरची वेळ लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या. द्राक्षाच्या छाटणीला निम्मं गाव दिंडोरी-निफाडकडे गेलेलं असताना सभा लावली, तर हरकत नोंदवा. तुमचा तालुका पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्यात आहे. अबंध निधी, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला पैसा, कशावर खर्चायचा, हे ग्रामसभा ठरवते. विहीर, हातपंप, जे हवं त्याचा ठराव महिला सभेतच लिहून घ्या आणि ग्रामसभेत वाचायला लावा.

प्रश्न : देवयानी फरांदे, सीमा हिरे, सरोज अहिरे महिला आरक्षणाविना आमदार झाल्या. मग नाशिक महापालिकेत निम्म्या जागा राखीव कशाला?

तिघींचं यश मोठंच आहे. पण २०२४ मध्ये जिल्ह्यातल्या १५ आमदारांत बायका याच तिघी. महापालिकेत १२२ पैकी ६१ जागा महिलांच्या आहेत, त्या राज्याने २०११ मध्ये आरक्षण ५० टक्के केलं म्हणून. पक्षांनी आपणहून एवढी तिकिटं दिली नसती, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्या वेळी जागा खुली झाली की काम केलेल्या नगरसेविकेला पुन्हा उमेदवारी देणार का, हे तुमच्या भागातल्या पक्ष पदाधिकाऱ्यांना आत्ताच विचारा.