लेक म्हणते ‘मी अज्ञेयवादी’, आणि घरी पाच दिवसांचा गणपती

प्रश्न : आम्ही मूळचे ठाण्याचे, सध्या म्युनिकला असतो. सोळा वर्षांची लेक हल्ली स्वतःला अज्ञेयवादी म्हणवते. यंदा सुट्टीत गणपतीसाठी नौपाड्याच्या घरी येतोय. आरतीला उभी राहणार नाही, असं तिने आताच सांगून टाकलंय. सासूबाई म्हणतील, पोर नास्तिक झाली, आईबापांनी लक्ष दिलं नाही. काय करू? धाकटा रविवारी अथर्वशीर्षाच्या वर्गाला जातो, त्याचं चालू ठेवावं का?

उत्तर : ताई, सासूबाईंचं नंतर बघू. आधी लेक काय म्हणतेय ते समजून घ्या, कारण तुमच्या पत्रातही दोन गोष्टींची गल्लत झाली आहे.

देव आहे असं मानणारा आस्तिक, न मानणारा नास्तिक. इथे प्रश्न श्रद्धेचा आहे. अज्ञेयवादी ज्ञानाबद्दल बोलतो : देव आहे की नाही, हे माणसाला खात्रीने सांगता येत नाही. थॉमस हक्सली या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १८६९मध्ये या भूमिकेला नाव दिलं. जे सिद्ध झालेलं नाही ते ठामपणे सांगू नये, हा त्याचा आग्रह, आणि तो दोन्ही बाजूंना लागू होतो. म्हणून ‘सिद्ध करता येणार नाही, तरी मी हात जोडतो’ असं म्हणणारा माणूस अज्ञेयवादीही असतो आणि आस्तिकही. असे लोक ठाण्याच्या कोपिनेश्वर मंदिराच्या रांगेतही उभे असतात, फक्त कुणी त्यांना विचारत नाही. तेव्हा लेकीला शांतपणे विचारा : ‘देव नाही असं तुला वाटतं, की सांगता येत नाही असं वाटतं?’ कदाचित तिचंही अजून ठरलेलं नसेल. मग ठरवायची घाई करू नका.

ती परदेशात वाढली म्हणून असं झालं, ही खंत मात्र मनातून काढून टाका. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त विश्व कुठून आलं हे विचारत जातं आणि शेवटी म्हणतं, वर बसून जो हे पाहतो त्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. चार्वाकांनी देव आणि परलोक दोन्ही नाकारले. सांख्य आणि मीमांसा ही तर वेद मानणारी दर्शनं, पण त्यांच्या जुन्या मांडणीत जग निर्माण करणाऱ्या ईश्वराला जागा नाही. आणि आपले आगरकर! ‘सुधारक’मधून ते कडक बुद्धिवाद मांडत राहिले, त्यासाठी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली गेली, तरी ते हटले नाहीत. तुमची लेक याच मातीत बसणारा प्रश्न विचारतेय.

आता आरती. मनात नसताना तिला ताम्हन धरून उभं करू नका. सासूबाईंची श्रद्धा खरी आहे म्हणूनच सांगते, देवासमोर खोटं बोलायला लावणं श्रद्धावंतालाच सगळ्यात जास्त खटकायला हवं. पण लेकीलाही तिची बाजू सांभाळायला सांगा. पाहुण्यांसमोर वाद घालायचा नाही, आजीच्या पूजेवर शेरे मारायचे नाहीत, मंत्रपुष्पांजली चालू असताना हातात मोबाइल नको.

आणि तिला कामाला घ्या. चतुर्थीच्या सकाळी मोदकांची उकड गरम असतानाच मळावी लागते, हाताला तेल-पाणी लावून पारी करायची, कळ्या पाडायच्या, जरा उशीर झाला की पारी चिरते. आजीला तेव्हा दोन तरुण हात हवेच असतात. मखर बांधणं, दूर्वा निवडणं, आलेल्यांना प्रसाद देणं, विसर्जनाला सोबत जाणं यांतलं काहीही करायला श्रद्धेची अट नाही. ज्याला ती ‘नाही’ म्हणतेय ती यादी तुम्हाला वाटते तेवढी लांब नसावी.

सासूबाईंना ही गोष्ट निघण्याआधी फोनवर कळू द्या, आणि ती नवऱ्याने सांगू दे, त्यांचा मुलगा आहे तो. ‘नास्तिक झाली’ अशी सुरुवात नको. ‘तिला प्रश्न पडलेत, ती आरतीच्या वेळी मागे शांत बसेल, मोदकांना मात्र तुमच्याबरोबर असेल’ एवढं पुरे. त्या रुसल्या तर दोन दिवस रुसू देत.

धाकट्याच्या रविवारच्या अथर्वशीर्षाच्या वर्गाबद्दलही तुम्ही विचारलंय. त्याला आवडतंय ना? मग चालू ठेवा. ताईने सोडलं म्हणून त्याचं बंद करायचं कारण नाही, आणि ताईला धडा म्हणून त्याचं कौतुकही करू नका.