देऊळ उतरवण्याआधी काय काय टिपायचं?

दगड, लाकूड, उजेड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमच्या ग्रामदेवतेचं देऊळ राजापूर तालुक्यात आहे. जांभ्याच्या भिंती, लाकडी खांबांचा सभामंडप, वर कौलं. गावकीनं बैठक घेऊन हे देऊळ उतरवायचं आणि स्लॅबचं बांधायचं ठरवलंय. देवाचा कौलही झाला. शिमगा झाला की काम सुरू. माझ्याकडे १८-५५च्या लेन्सचा कॅमेरा आहे, म्हणून जुन्या देवळाचे फोटो काढायचं काम माझ्यावर आलं. पण माझ्या फोटोंत देऊळ मागं रेलल्यासारखं दिसतं. आणि नक्की काय काय टिपायचं? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : बाकीची पत्रं थांबू शकतात, तुमच्या देवळाला मुदत आहे. म्हणून तुमचं आधी.

रेलण्याचं कारण साधं आहे. शिखर फोटोत यावं म्हणून आपण कॅमेरा वर करतो. कॅमेरा वर झाला की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. मी बांधकाम खात्यात आरेखक होते. भिंत ओळंब्यात नसेल तर आमच्याकडे नकाशा परत यायचा. फोटोलाही मी तोच नियम लावते. कॅमेरा सरळ समोर धरा, वर-खाली अजिबात नको. स्क्रीनवर जाळीच्या रेषा आणता येतात, त्यातली उभी रेष दाराच्या चौकटीला लावा. मग खाली नुसतं अंगण आलं आणि वर शिखर कापलं गेलं, तर मागं जा. मागं जागा नसेल तर उंचावर जा : समोरच्या घराची माडी, पाराचा कठडा, नाहीतर चिऱ्यांची रास. अंगण जास्त आलं तर नंतर छाटता येतं. लेन्स अगदी १८वर, म्हणजे सर्वांत रुंद दृश्य येतं तिथं, नेऊ नका, कडेचे खांब वाकतात. २४ ते ३५च्या मधे राहा. आणि देवळाच्या चारही बाजूंना मोकळी जागा सोडा, म्हणजे संगणकावर रेषा सरळ करताना कळस कापला जाणार नाही.

आता काय टिपायचं ते. तुमच्या गावातल्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये देवळाचे फोटो असतील. पालखीचे, नमनाचे, सजवलेल्या मूर्तीचे. त्यांत देऊळ मागं कुठंतरी असतं. तुमच्या फोटोंवरून मात्र उद्या एखाद्या सुताराला हेच देऊळ पुन्हा उभं करता आलं पाहिजे. हे मनात ठेवलंत की पुढचं आपोआप सुचत जाईल.

त्यासाठी आधी एक पट्टी करा. दोन मीटरची सरळ रीप घ्या, दर २० सेंटीमीटरला लाल आणि पांढरा रंग द्या. प्रत्येक भिंतीचा, खांबाचा, दाराचा एक फोटो पट्टीशिवाय आणि एक पट्टी शेजारी उभी करून. माणूस उभा केला तर उंचीचा अंदाज येतो, पण मोजता येत नाही.

बाहेरून चारही बाजू समोरून घ्या, मग चारही कोपरे तिरके. पावसाळी ढग असलेला दिवस जांभ्याला फार चांगला. उन्हात जांभ्याची भोकं काळीकुट्ट होतात आणि मधला दगड पांढरट पडतो, ढगाळ उजेडात दगडाचा लाल रंग जसाच्या तसा येतो. तुम्हाला पावसापर्यंत थांबता येणार नाही, तेव्हा सकाळी ऊन वर यायच्या आत भिंतींचं काम उरका.

सभामंडपाला पूर्ण दिवस द्या. आत ट्यूबलाइट असेल तर गुरवांना विचारून बंद करा. तिचा हिरवट उजेड आणि दारातून येणारा दिवसाचा उजेड एकत्र आले की लाकडाचा रंग कळेनासा होतो. फ्लॅश नकोच. आपल्याकडच्या खांबांवर ऑइलपेंट असतो, तो फ्लॅशनं चकाकतो आणि कोरीवकाम सपाट होऊन जातं. ट्रायपॉड लावा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सच्या भोकाचं माप) ८, आणि जितके सेकंद लागतील तितके लागू द्या. दार आणि अंधारा कोपरा एकाच फोटोत येत असतील तर जागेवरून न हलता तीन फोटो घ्या : एक बेताचा, एक काळोखा, एक जास्त उजेडाचा. तिन्ही ठेवा.

छत राहून जातं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. मंडपाच्या मधल्या चार खांबांच्या बुंध्यांना समोरासमोर दोन दोऱ्या तिरक्या बांधा. जिथं त्या एकमेकींना छेदतात तो मंडपाचा मध्य. तिथं जमिनीवर स्वच्छ पंचा अंथरा आणि कॅमेरा पाठीवर निजवा, लेन्स वर. पंचाची घडी कमी-जास्त करून तो सपाट बसवा. १८ची लेन्स चालेल ती एवढ्या एकाच ठिकाणी. दोऱ्या सोडा, दहा सेकंदांचा टायमर लावा आणि मंडपाच्या बाहेर जा, नाहीतर तुमचं डोकं फोटोत येईल. या एका फोटोत तुळया, वासे, रिपा, मधल्या चौकातलं कमळ असलं तर तेही, सगळं आपापल्या जागी दिसतं. आरेखक असा फोटो समोर ठेवून नकाशा काढू शकतो.

मग जवळ जा. खांब तुळईला जिथं मिळतो तो सांधा, प्रत्येक प्रकारचा एकेक. खांबाच्या बुडाशी रंगाचे पोपडे उडालेले असतील तिथं खालचे जुने रंग एकाखाली एक दिसतात. तिथं शेजारी पांढरा कागद धरून फोटो घ्या, म्हणजे पुढं रंग ताडून पाहता येईल.

घंटा विसरू नका. घंटेवर पुष्कळदा साल आणि देणाऱ्याचं नाव असतं. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिकडच्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला तशी घंटा आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली तर प्रसिद्धच. त्यामुळे कुठल्याही जुन्या घंटेवर काय उमटलंय ते नीट पाहावं. अक्षरं पुसट असली तर त्यांवर खडू, पीठ, तेल काही चोळू नका. अंधार करा, टॉर्च अगदी बाजूला, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरा. अक्षरांच्या सावल्या पडतात आणि वाचता येतात. आधी डावीकडून, मग उजवीकडून, वरून आणि खालून, असे चार फोटो. शिलालेखालाही हेच.

आवारात एक फेरी मारा. दीपमाळ, तुळशीवृंदावन, विहिरीचा काठ, आणि पाराखाली किंवा गडग्यात बसवून टाकलेले कोरीव दगड. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड) आणि सतीशिळा अशाच पडलेल्या असतात. बांधकामाचा ट्रक आवारात आला की सर्वांत आधी त्याच भरावात जातात. त्यांचे फोटो काढा आणि समितीला दाखवून त्या कुठं हलवणार ते लिहून घ्या.

गाभाऱ्यात जाऊ नका. उंबऱ्याबाहेरून जेवढं दिसतं तेवढं पुरे, आणि मूर्तीचा फोटो काढायचा की नाही हे गुरव आणि मानकरी सांगतील तसं. नाही म्हणाले तर विषय संपला. गाभाऱ्याची चौकट मात्र आवर्जून घ्या, गणेशपट्टीपासून उंबऱ्यापर्यंत.

काम सुरू झालं की रोज हजर राहा. कौलं उतरली आणि वासे मोकळे झाले की सांधे आतून दिसतात, सुतारांनी जोडणीसाठी कोरलेल्या खुणा दिसतात. त्या तेवढ्याच दिवसांत दिसतात. प्रत्येक लाकडावर खडूनं नंबर टाकायला सांगा आणि नंबरासकट फोटो घ्या.

शेवटी, तुम्ही न विचारलेलं एक सांगते. फोटो काढताना प्रत्येक खांबाचं बूड आणि प्रत्येक तुळईचं भिंतीत गेलेलं टोक तपासा, कारण लाकूड कुजतं ते तिथं. बोटानं दाबून पाहा. कुजलेले किती आणि धडधाकट किती, याचे फोटो समितीसमोर ठेवा. बुडाशी कुजलेला खांब तेवढाच कापून खाली नवा तुकडा किंवा दगड बसवता येतो, कौलं उतरवून पुन्हा शाकारता येतात. हे काम करणारे सुतार आपल्या जिल्ह्यात अजून आहेत. गावाचा निर्णय गावानंच घ्यायचा, पण धडधाकट लाकूड डोळ्यांनी पाहून घ्यावा, एवढं मला मनापासून वाटतं. देवाला पुन्हा कौल लावता येतो.

प्रश्न : मी अलिबागची, कॉलेजात शिकते. रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची जुनी देवळं, मशिदी, सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) यांचे फोटो प्रकल्पासाठी काढतेय. मी संध्याकाळी जाते, पण इमारती काळ्या पडतात. आणि मशिदीत किंवा सिनेगॉगमध्ये कसं विचारायचं तेही कळत नाही. (एक विद्यार्थिनी)

उत्तर : आपला समुद्र पश्चिमेला. मावळतीचा रंग सुंदर म्हणून सगळे संध्याकाळी जातात, आणि नेमकं तेव्हा इमारतीचं तोंड सावलीत असतं. देवळं बहुतेक पूर्वाभिमुख. मशिदीत किब्ल्याची, म्हणजे मक्केच्या दिशेची, भिंत आपल्याकडून पश्चिमेला, त्यामुळे नमाजाचा दिवाणखाना पूर्वेला उघडतो. सिनेगॉगमध्ये तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, हेखाल, जेरुसलेमच्या दिशेला म्हणजे आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीशी असतं. तिघांच्याही तोंडावर सकाळचं ऊन येतं. तू सकाळी जा. दाभोळच्या आदिलशाही मशिदीच्या कमानींवर सकाळचं तिरपं ऊन येतं, तेव्हा दगडावरची नक्षी उठून दिसते. दुपारी तीच भिंत कोरी वाटते.

विचारायचं म्हणशील तर कॅमेरा पिशवीत ठेवून विचार. गळ्यात कॅमेरा अडकवून दारात उभं राहिलं की माणूस आधी कॅमेऱ्याला उत्तर देतो. मशिदीत शुक्रवारी दुपारी आणि कुठल्याही नमाजाच्या वेळी नको. सिनेगॉगमध्ये शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत नको, शब्बाथ म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस असतो. डोकं झाकायला ओढणी घेऊन जा, दोन्हीकडे उपयोगी पडेल. तुझ्या गावातल्या इस्राएल आळीत मराठीच बोलायचं आहे, तेव्हा भीड कशाची? बेने इस्राएल हा ज्यू समाज या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या राहिला, तेलाचे घाणे चालवायचा, शनिवारी काम बंद ठेवायचा म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आता बरीच कुटुंबं इस्रायलला गेली आहेत आणि सिनेगॉगची देखभाल थोड्या माणसांवर आहे. म्हणून काढलेल्या फोटोंच्या छापील प्रती त्यांना नेऊन दे. पेनड्राइव्ह नको, छापील प्रती. मशिदीच्या जमातीलाही, देवळाच्या ट्रस्टलाही. पुढं कुठं प्लास्टर निघालं, कुठं कमान तडकली, तर आधी कशी होती ते दाखवायला त्यांच्या हातात काहीतरी असेल.

प्रार्थना करणाऱ्या माणसाचा चेहरा विचारल्याशिवाय घेऊ नकोस. पाठमोरा माणूस चालेल असं समजून लोक घेतात, मला तेही पटत नाही.

प्रश्न : मालवणात राहतो. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. (एक वाचक)

उत्तर : बुरशी आहे. आतली बुरशी घरी काढू नका, दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या, आणि ती लेन्स बाकीच्या लेन्सांबरोबर ठेवू नका. बाकीच्यांसाठी घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे राहिला पाहिजे. पावसाळ्यात जेल लवकर ओलं होतं, रंग बदलला की तापवून सुकवा. चामड्याच्या कव्हरात लेन्स ठेवू नका, चामड्यात ओल राहते. कुणकेश्वरसारख्या अगदी किनाऱ्यावरच्या देवळातून आलात की काचेवर मिठाचा थर असतोच. तो कोरड्या फडक्यानं पुसलात तर ओरखडे पडतील. आधी हवेनं झटका, मग किंचित ओलसर सुती कापडानं टिपून घ्या. एसी गाडीतून उतरताना कॅमेरा बंद पिशवीतच थोडा वेळ बाहेर राहू द्या, मग काढा.

प्रश्न : पन्हाळेकाजीच्या लेण्यांत ट्रायपॉड लावू दिला नाही. मग त्या अंधारात फोटो काढायचे कसे? (एक वाचक, दापोली)

उत्तर : ती लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. तिथं हातातल्या कॅमेऱ्यानं फोटो काढता येतात, ट्रायपॉड आणि वेगळे दिवे यांना आधी लेखी परवानगी लागते. पहारेकऱ्यानं त्याचं काम केलं. अभ्यासासाठी काढायचे असतील तर खात्याकडे अर्ज करा, काय आणि कशासाठी ते स्पष्ट लिहा.

परवानगी येईपर्यंत तांदूळ भरलेली छोटी कापडी पिशवी न्या आणि ती चालेल का ते पहारेकऱ्याला विचारा. जमिनीवर पिशवी, तिच्यावर कॅमेरा, दोन सेकंदांचा टायमर. शिल्पाला किंवा खांबाला टेकू नका. हातातच धरायचा झाला तर आयएसओ १६०० ते ३२०० न्या. फोटो थोडा दाणेदार आला तरी चालेल, हललेला नको.

तिथं २९ लेणी आहेत, आणि ती एका काळाची नाहीत. सुरुवात हीनयान बौद्धांची, पुढं वज्रयान (बौद्धांचाच तांत्रिक पंथ), मग शिलाहारांच्या काळात शैव आणि गाणपत्य (गणपतीचे उपासक), त्यानंतर नाथपंथी. आधीच्यांच्याच खोल्यांत नंतरच्यांनी बदल करून घेतले. त्यामुळे एकट्या मूर्तीचा फोटो पुरेसा नाही. मूर्ती, तिच्या शेजारची भिंत, छिन्नीच्या खुणा आणि छत एकाच फोटोत आलं, तर कुठली खोदाई आधीची आणि कुठली नंतरची याचा विचार करता येतो. आणि प्रत्येक फोटोला लेण्याचा क्रमांक द्या. घरी आल्यावर सगळे काळे दगड सारखे दिसतात.