वाटेवरचे सोलापुरी जेवण कसे ओळखावे?

प्रश्न : येत्या जानेवारीत पुण्याहून मोटारीने सोलापूरमार्गे अक्कलकोट आणि तुळजापूरला जाण्याचा आमचा बेत आहे. सोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि दोन मुले आहेत. महामार्गावर जिथे तिथे पनीर आणि नूडल्सच मिळतात. सोलापूरकडचे खरे जेवण वाटेत कसे शोधावे?

उत्तर : पुणे ते सोलापूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर आहे. टेंभुर्णी सोडल्यावर मोठ्या फलकांकडे न पाहता भाकरी थापल्याचा आवाज जिथे येतो तिथे थांबावे, कारण ज्वारीची भाकरी आधीपासून करून ठेवली की तिची चव जाते, आणि मागणीनुसार ती थापून देणारी खानावळ बहुधा आमटी-पिठलेही त्याच आस्थेने करते. भाकरी ताटात आली की पापुद्रा उचलून पाहावा. ताजे पीठ आधणाच्या पाण्यात नीट मळलेले असेल, तर तो अलगद सुटतो. विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेल्या जुन्या पिठाची भाकरी मात्र कडेने चिरते. ज्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते गाव याच जिल्ह्यातले, त्यामुळे इथे भाकरीची परीक्षा कठोरपणे घ्यायला हरकत नाही.

वाटेत एखाद्या गावाचा आठवडी बाजार लागला, तर बाजार आमटीची चौकशी अवश्य करावी. मिश्र डाळींची ही झणझणीत आमटी भाकरी कुस्करून खातात, त्यामुळे भाकरी चावायला जड जात असेल तरी सासूबाईंना ती सोयीची पडेल. तिखट किती आहे, ते मात्र आधी विचारावे. मुलांना शेंगदाणे-गुळाची गोड शेंगापोळी द्यावी. जानेवारीत हुरडा, म्हणजे ज्वारीची कोवळी भाजलेली कणसे, हेही मिळते, पण तो आगटीतून (निखाऱ्यांच्या खड्ड्यातून) काढून, हातावर चोळून गरम असतानाच खावा.

परतताना कडक भाकरी आणि शेंगा चटणी जरूर न्यावी. चटणी घेताना चिमूटभर बोटांत दाबून पाहा : उखळात कुटलेली असेल, तर शेंगदाण्याचे तेल सुटून तिचा लगेच गोळा होतो, नुसती भुकटी राहिली, तर पुढच्या दुकानात जावे.