बहुराष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय, जागतिक. आणि ‘स्ट्रॅटेजी’ला काय म्हणायचं?

कोल्हापूरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं माहितीपत्रक त्या मराठीत करताहेत. इंग्रजी मसुद्यात कुठे ‘इंटरनॅशनल’, कुठे ‘मल्टिनॅशनल’, कुठे ‘ग्लोबल’ होतं. त्यांनी सगळीकडे ‘आंतरराष्ट्रीय’ करून टाकलं. मालक म्हणाले, “बहुराष्ट्रीय लिहा की, आपलं कास्टिंग जर्मनीला जातंय.” शिवाय ‘स्ट्रॅटेजी’साठी धोरण, रणनीती, व्यूहरचना, डावपेच यांतलं काय घ्यावं, हेही त्यांनी विचारलंय.

आधी मालकांचं बघू. माल बाहेर गेला म्हणून कंपनी बहुराष्ट्रीय होत नाही. शिरोलीत ओतायचं, इथंच मशिनिंग करायचं आणि पेटी भरून बंदरावर धाडायची, हा निर्यातीचा धंदा झाला. तुमची फाउंड्री निर्यातदार आहे, आणि निर्यातदार हा काही कमीपणाचा शब्द नाही. ‘बहुराष्ट्रीय’ हा शब्द माल कुठवर पोचला ते सांगत नाही, कंपनीचं बिऱ्हाड किती देशांत आहे ते सांगतो. उद्या मालकांनी जर्मनीत स्वतःचा कारखाना घेतला, तिथं माणसं नेमली, तिथल्या कायद्यानं नोंदणी केली, की मग खुशाल लिहा.

‘आंतरराष्ट्रीय’ मात्र राष्ट्रांच्या दरम्यान घडणाऱ्या कुठल्याही गोष्टीला चालतो. व्यापार आंतरराष्ट्रीय, करार आंतरराष्ट्रीय, कुस्ती स्पर्धाही आंतरराष्ट्रीय. म्हणून तुमच्या मसुद्यातल्या ‘इंटरनॅशनल कस्टमर्स’ना ‘परदेशी ग्राहक’ इतकं साधं पुरे. ग्राहक बिचारा एकाच देशातला असतो, त्याला आंतरराष्ट्रीय कशाला करायचं?

व्यवस्थापनशास्त्रात मात्र हे शब्द एकमेकांच्या जागी वापरत नाहीत. क्रिस्टोफर बार्टलेट आणि आपल्या कोलकात्यात जन्मलेले सुमंत्र घोषाल यांनी १९८९ मध्ये जी विभागणी मांडली, तीच आजही वर्गात शिकवतात. मुख्यालयात तयार झालेलं ज्ञान बाहेरच्या शाखांना पुरवायचं, ती आंतरराष्ट्रीय पद्धत. प्रत्येक देशातल्या शाखेनं जवळपास स्वतंत्र संसार करायचा, ती बहुराष्ट्रीय. सगळ्या जगाला एकच बाजार समजून सूत्रं एका जागी ठेवायची, ती जागतिक. आणि तिन्हींचा मेळ घालू पाहणारी चौथी. तिला मराठीत ‘पारराष्ट्रीय’ म्हणतात, पण एक काना निसटला की थेट परराष्ट्र खातं, म्हणून माझा त्या शब्दावर जीव नाही.

बहुराष्ट्रीय आणि जागतिक यांतला फरक बघायचा तर फिलिप्स आणि मात्सुशिता (म्हणजे आजची पॅनासॉनिक) या दोघांकडे बघा. मात्सुशिताची सूत्रं जपानमधून हलायची. फिलिप्सच्या देशोदेशीच्या शाखा मात्र आपल्या मर्जीच्या मालक होत्या. फिलिप्सनं व्हिडिओ रेकॉर्डरसाठी व्ही-२००० नावाची स्वतःची पद्धत काढली, तेव्हा उत्तर अमेरिकेतल्या फिलिप्सनंच ती विकायला नकार दिला. उलट मात्सुशितानं बनवलेले व्हीएचएस रेकॉर्डर घेतले आणि त्यांवर आपलं नाव लावून विकले. घरचा माल नाकारून प्रतिस्पर्ध्याचा विकायचा! शास्त्रातल्या काटेकोर अर्थानं ‘बहुराष्ट्रीय’ म्हणजे हे असलं स्वातंत्र्य. वर्तमानपत्रात मात्र बऱ्याच देशांत पसरलेल्या कुठल्याही बड्या कंपनीला बहुराष्ट्रीय म्हणतात, आणि बोलीत तेच रूढ आहे. माहितीपत्रकाला बोलीतला अर्थ चालेल, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत नाही.

शाखांना अशी मोकळीक देण्यामागचा विचार मराठीत ‘देश तसा वेश’ या तीन शब्दांत बसतो. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स भारतात आलं ते गोमांसाचा बर्गर घरी ठेवून. पुढं बटाट्याची टिक्की पावात घातली. पाठ्यपुस्तकांत यासाठी ‘स्थानिक प्रतिसादक्षमता’ छापतात. विद्यार्थ्यांना नाहक छळणारा शब्द आहे तो.

इथं थोडं आडवळण घेतो, कारण ते कोल्हापूरचंच आहे. व्यापारी आणि पाठीशी राजसत्ता असलेली कंपनी यांतला फरक मराठी गद्यानं ‘बहुराष्ट्रीय’ शब्द जन्मायच्या फार आधी नोंदवलाय. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, म्हणजे राज्यकारभार कसा करावा हे सांगणारा ग्रंथ, कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजींच्या नावानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला निघालं. त्यात सावकारांना राज्याची शोभा म्हटलंय, पण टोपीकरांना, म्हणजे युरोपियनांना, त्यांतून वेगळं काढलंय. फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच) हेही सावकारी करतात, पण इतर सावकारांसारखे नव्हेत, कारण त्यांचे धनी खुद्द राज्य करणारे आहेत. म्हणून वखारीला जागा दिलीच तर समुद्राकाठी देऊ नये, असा त्याचा आशय. हा संशय हवेतला नव्हता. १६६० मध्ये सिद्दी जौहरानं पन्हाळ्याला वेढा दिला, तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन किल्ल्यावर मारा करायला आले होते, तेही आपलं निशाण फडकावून. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर लुटलं आणि वखारवाल्यांना कैद केलं. परदेशी कंपनीला आपल्या मुलखात कुठं, किती आणि कशाच्या बदल्यात जागा द्यायची, हा प्रश्न सरकारी फायलींत आजही तोच आहे.

आता ‘स्ट्रॅटेजी’. ग्रीक भाषेत ‘स्ट्रॅटोस’ म्हणजे सैन्य आणि ‘स्ट्रॅटेगोस’ म्हणजे सेनापती, त्यावरून हा शब्द आला. म्हणजे तिकडेही तो रणांगणातूनच बाजारात शिरला. मराठीतले चारही शब्द बरोबर आहेत, पण प्रत्येकाची पट्टी वेगळी. एकाच बाटलीतून दाखवतो. १९७३ च्या फेरा, म्हणजे परकीय चलन नियमन, कायद्यानं बहुतेक परदेशी कंपन्यांना भारतातला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला लावलं. ते सरकारचं धोरण. कोका-कोला हिस्सा कमी करायला आणि आपल्या पेयाची गुप्त कृती द्यायला तयार झाली नाही आणि १९७७ मध्ये निघून गेली. १९९३ मध्ये परत आली तेव्हा तिनं पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट विकत घेतले. नव्यानं दुकानं आणि वितरक शोधत बसण्यापेक्षा तयार फौजच घ्यायची, ही व्यूहरचना. आणि कोपऱ्यावरच्या टपरीला फ्रीज देऊन त्यात फक्त आपल्याच बाटल्या ठेवायला लावायच्या, हे डावपेच.

‘धोरण’ मी ‘पॉलिसी’साठी राखून ठेवतो. औद्योगिक धोरण, निर्यात धोरण, कारखान्यातलं रजेचं धोरण. एकाच पानावर पॉलिसीही धोरण आणि स्ट्रॅटेजीही धोरण झालं की वाचणारा गोंधळतो. माणसाला ‘धोरणी’ म्हणतो तेव्हा मात्र त्यात दूरदृष्टी येते. तो अर्थ सोडवत नाही, पण माहितीपत्रकात नको.

‘डावपेच’ तुम्हाला मी काय सांगावा! खासबाग मैदानात कुस्ती बघितलेल्या माणसाला डाव म्हणजे काय ते कळतं: पोकळ घिस्सा, ढाक, धोबीपछाड. पेच हा फारसीतून आलेला, मूळ अर्थ पीळ, वेढा. म्हणून अडचणीचा पेचही तोच आणि जुन्या मराठीत स्क्रूला पेच म्हणायचे तोही तोच, तुमच्या वर्कशॉपात आता कुणी म्हणत नसलं तरी. डाव क्षणाचा असतो, समोरच्याच्या हालचालीवर टाकायचा, त्याला तोडही असते. पाच वर्षांनी कुठल्या देशात कारखाना काढायचा, हा डाव नव्हे. शिवाय ‘आमचे डावपेच’ असं माहितीपत्रकात वाचून ग्राहक दचकेल ते वेगळंच.

‘रणनीती’ संस्कृतच आहे, पण तिचा आजचा सुळसुळाट हिंदी वाहिन्यांनी आणला असावा असं मला वाटतं. निवडणुकीच्या बातमीत ती शोभते. ‘व्यूह’ म्हणजे वेगवेगळं करून मांडणं, कोण कुठं उभा राहील ते ठरवणं. अनेक देशांत धंदा करणारी कंपनी नेमकं हेच करते: डिझाइन एका देशात, ओतकाम शिरोलीत, जुळणी तिसरीकडेच. म्हणून माझं मत व्यूहरचनेला.

‘क्रॉस बॉर्डर’साठी तुम्ही ‘सीमापार’ सुचवलाय. तो वगळा. बातम्यांनी त्याला दहशतवाद चिकटवलाय, आणि कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढं सीमा म्हटलं की निपाणी-बेळगावच येतं. सीमापार व्यवसाय म्हणजे कर्नाटकच्या हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडून केलेला. ‘देशोदेशी’ किंवा ‘परदेशांतला’ लिहा.

लेखनाबद्दल एवढंच, की ‘आंतरराष्ट्रीय’मधला पहिला काना सोडू नका; ‘आंतर’ म्हणजे दरम्यान. अंतर्देशीय पत्र देशातल्या देशात जायचं, त्यात ‘अंतर्’ म्हणजे आत. आणि हिंदीतलं ‘अंतरराष्ट्रीय’ मराठीत चुकीचंच धरतात.

तुमचं वाक्य मी असं करीन: ‘आम्ही शिरोलीत कास्टिंग बनवतो आणि युरोपातल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांना पुरवतो, येत्या काळात परदेशांत विस्तार करण्याची आमची व्यूहरचना अशी आहे.’ मालकांना ‘बहुराष्ट्रीय’ शब्द पत्रकात हवाच होता, तो असा बसतो. फक्त ग्राहक खरोखरच तसे आहेत का, ते विक्री विभागाला विचारून घ्या.