वाचकांचे प्रश्न: माळ्यावरचा इलेक्ट्रिक फुटबॉल

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदा): नमस्कार ताई, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक मोठ्ठा चपटा खोका निघाला. आमचा मोठा मामा कलाभवनातून इंजिनीअर होऊन अमेरिकेला गेला, आणि १९७२ च्या नाताळात सुट्टीवर आला तेव्हा आम्हा भाच्यांसाठी हा गेम घेऊन आला होता. पत्र्याचं हिरवं मैदान, प्लास्टिकचे छोटे छोटे खेळाडू आणि एक वायर. आजोबांनी "आपल्या लाइटवर जळून जाईल" म्हणून तो कधी लावूच दिला नाही, आम्ही हातानंच खेळाडू सरकवत बसायचो. आता मामा ८४ वर्षांचा आहे आणि या डिसेंबरमध्ये येतोय, त्याला हा चालू करून दाखवायची फार इच्छा आहे. चालेल का? आणि मुळात हा खेळ होता तरी काय?

उत्तर: दादा, चालेल, पण आजोबांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. तिकडचा करंट ११०-१२० व्होल्टचा, आपला २३०. सरळ प्लगमध्ये घातलात तर आतली कॉइल जळेल आणि एवढी वर्षं जपलेला खेळ मिनिटभरात जाईल, म्हणून आधी सगळं वाचा मग हात लावा.

हा अमेरिकन फुटबॉल, म्हणजे हातात बॉल घेऊन पळायचं आणि समोरच्यानं अडवायचं, दोन्हीकडे अकरा अकरा जण. न्यूयॉर्कमध्ये ट्यूडर मेटल प्रॉडक्ट्स नावाची पत्र्याची खेळणी करणारी कंपनी होती, ती नॉर्मन सॅसनं १९४८ साली वडिलांकडून हातात घेतली. स्वतः अमेरिकेतल्या एमआयटी या इंजिनीअरिंगच्या नावाजलेल्या संस्थेत शिकलेला इंजिनीअर. कंपनीकडे आधीच थरथरणाऱ्या पत्र्यावर गाड्या पळवायचा एक खेळ होता, सॅसनं तीच युक्ती फुटबॉलला लावली आणि १९४९ साली इलेक्ट्रिक फुटबॉल बाजारात आला. (मामाचं कलाभवन ज्यात येतं ते आपलं सयाजीराव विद्यापीठ पण १९४९ चंच, तुमच्या मामाला हे सांगा, आवडेल त्याला.)

युक्ती अशी की मैदानाच्या पत्र्याला एक इलेक्ट्रोमॅग्नेट, म्हणजे वीज गेली की चुंबक होणारी तारेची कॉइल, जोडलेला असतो. घरातला करंट एसी, म्हणजे सारखा उलटसुलट दिशेनं वाहणारा, अशा एका उलटसुलट फेरीला सायकल म्हणतात, त्यामुळे दर सायकलला मॅग्नेट दोनदा ओढतो आणि दोनदा सोडतो, तिकडे सेकंदाला ६० सायकल म्हणजे १२० धक्के. अख्खा पत्रा घुंईऽऽ करत थरथरतो. आता खेळाडू पुढे का जातो, तर त्याच्या बेसखाली प्लास्टिकचे बारीक पाय असतात, मागच्या बाजूला कललेले, दर धक्क्याला ते जरासे उचलले जातात आणि कललेले असल्यामुळे पुढेच टेकतात. चालू मिक्सरशेजारी ठेवलेली वाटी ओट्यावरून आपोआप सरकत कडेला येते ना, तोच प्रकार, फक्त इथे दिशा ठरवून दिलेली. मोटर नाही, चाकं नाहीत, सेल नाहीत. मला हे डोकं फार मोठं वाटतं, इतक्या कमी सामानात बावीस जणं पळवायची म्हणजे काय!

खेळायचं कसं, तर दोघांनी आपापले अकरा मांडायचे, कापसाचा इवलासा बॉल एकाच्या हातात अडकवायचा आणि स्विच ऑन करायचा. बॉलवाल्याला समोरच्या टीमचा कोणी येऊन भिडला की स्विच ऑफ, तिथून पुढे परत मांडामांड. एकदा चालू झालं की तुमच्या हातात काही नाही, सगळी हुशारी मांडण्यात.

आता तुमचा सेट. खेळाडू सपाट असतील तर मॉडेल जुनं समजा, आणि गोलाकार, अंगात भरलेले, खऱ्या टीमच्या रंगातले असतील तर बहुतेक १९६७ नंतरचं ट्यूडर, कारण त्या वर्षी ट्यूडरला एनएफएल म्हणजे तिकडच्या प्रोफेशनल लीगचं लायसन्स मिळालं आणि ली पेन नावाच्या डिझायनरनं ते सुंदर खेळाडू घडवले. १९७२ ला आणलाय म्हणताय तर तसाच असण्याची शक्यता जास्त. खोक्यावर गोथम नाव असेल तर ती ट्यूडरची स्पर्धक कंपनी, एनएफएलचं नाव त्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच मिळवलं होतं.

चालू करण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून मल्टीमीटरनं कॉइल शाबूत आहे का बघून घ्या, वायर कडक झाली असेल किंवा तडकली असेल तर ती बदलायचीच, त्यात काटकसर नको. मग २३० ला ११० करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. नीट ऐका, लोखंडी गाभ्याचा, जड, खरा ट्रान्सफॉर्मर. प्रवासात हेअर ड्रायरसाठी वापरतात तो हलका कन्व्हर्टर नको, तो करंटची लाट तोडूनमोडून देतो. दुसरं, आपल्याकडे सेकंदाला ५० सायकल म्हणजे १०० च धक्के, त्यामुळे आवाज जरा खालच्या पट्टीतला येईल आणि चाल वेगळी वाटेल, मामाला लगेच कळेल बघा. कमी सायकलवर कॉइल थोडी जास्त तापते पण, म्हणून सलग चालू ठेवू नका, प्रत्येक खेळीनंतर बंद करा, तसंही खेळाचा नियमच तो आहे. मैदान ओल्या फडक्यानं पुसू नका, वरची छपाई जाते आणि गंज धरतो, कोरडा मऊ कपडा बास.

आणि कोणी कितीही पैसे देऊ केले तरी विकू नका हो. खोक्यासकट, तुमच्या हाताच्या खुणांसकट तो तुमच्या घरातच राहायला हवा.

प्रश्न (फतेहगंज, बडोदा): आमचे व्याही अमेरिकन आहेत. दर नाताळात व्हिडिओ कॉलवर ते लहानपणीच्या याच इलेक्ट्रिक फुटबॉलची आठवण काढतात आणि डोळे पुसतात. आमच्या फतेहगंजात पण नाताळ जोरात असतो पण एका खेळण्याचं एवढं काय, ते कळत नाही.

उत्तर: ताई, त्यांच्या वयाच्या अमेरिकन माणसाला विचारा, हाच खेळ निघेल. तिकडे सिअर्स नावाच्या दुकानाचा नाताळचा जाडजूड कॅटलॉग पोस्टानं घरोघरी यायचा, १९३३ पासून, पुढे १९६८ ला त्याचं नावच विश बुक, म्हणजे इच्छांचं पुस्तक, झालं. पोरं खेळण्यांच्या पानांवर आडवी पडून हवं त्याभोवती पेननं गोल करायची. त्यात या फुटबॉलची पानं असायची, रंगीत, टीमसकट.

शिवाय दिवस बघा ना. तिकडचा फुटबॉलचा सीझन ऐन डिसेंबरात रंगात येतो. २८ डिसेंबर १९५८ ला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये बाल्टिमोर कोल्ट्स टीमनं न्यूयॉर्क जायंट्स टीमला जादा वेळेत २३-१७ हरवलं, ती मॅच घराघरात टीव्हीवर बघितली गेली आणि हा खेळ तिथून अमेरिकेच्या बैठकीच्या खोलीत शिरला. म्हणजे नाताळच्या सकाळी झाडाखालून खोका निघायचा, दुपारभर वडील मुलाबरोबर जमिनीवर बसून खेळाडूंच्या पाठीवर नंबरचे स्टिकर चिकटवायचे, आणि त्याच आठवड्यात टीव्हीवर तेच रंग, त्याच टीम. इतर वेळी कामावरून दमून येणारे वडील त्या दिवशी मुलाच्या उंचीला येऊन बसलेले असायचे. मला वाटतं डोळे त्यासाठी भरून येतात. आपल्याकडे दिवाळीत वडिलांबरोबर किल्ला केलेला माणूस हे लगेच समजेल.

मग १९७७ ला मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीचा हातात धरायचा, लाल दिवे लुकलुकणारा फुटबॉल आला, पाठोपाठ व्हिडिओ गेम, आणि थरथरणारा पत्रा मागे पडला. पण संपला नाही. सॅस २०१२ साली वारला, ८७ व्या वर्षी, आणि ट्यूडरच्या नावानं हा खेळ आजही बनतो, मोठी माणसं टुर्नामेंट भरवून खेळतात. पुढच्या कॉलवर व्याह्यांना विचारा की तुमची टीम कोणती होती, आणि मग नुसतं ऐका.

प्रश्न (कारेलीबाग, बडोदा): जुना सेट मिळाला, स्टेपडाउन लावून चालतो पण, तरी खेळाडू एकाच जागी गोल गोल फिरतात नाहीतर सगळे एका कडेला जाऊन गर्दी करतात. नातू वैतागलाय. खराब आहे का?

उत्तर: अजिबात खराब नाही, सगळ्यांचे असेच फिरायचे. आधी मैदान लेव्हलला आहे का बघा, मध्ये गोटी ठेवा, जिकडे घरंगळेल ती बाजू खाली आहे, तिकडे पुठ्ठ्याची घडी सरकवा. मग बाजूला धक्का कमीजास्त करायचा स्क्रू असतो तो पूर्ण सैल करून हळूहळू आवळा, जोरात आवाज म्हणजे जोरात पळणार असं नसतं, जास्त धक्क्याला ते नुसते नाचतात.

एवढं करूनही एखादा फिरतच असेल तर त्याला उलटा करून पाय बघा, खोक्यात दाबून राहिल्यानं एका बाजूचे पाय जास्त चपटे झालेले असतात. बारीक चिमट्यानं अगदी हलक्या हातानं दोन्ही बाजू सारख्या कलत्या करा, जुनं प्लास्टिक आहे, झटका दिलात तर तुटेल. सत्तरच्या दशकातल्या काही बेसना खाली फिरवायची चकती असते, तसे असतील तर चकती फिरवून खेळाडू डावीकडे, उजवीकडे की सरळ जाणार ते ठरवता येतं. आणि हे काम नातवालाच करू द्या, एकेक खेळाडू एकटा सोडून बघायचा, कोण सरळ जातो, कोण वळतो, कोण दांडगा आहे ते वहीत लिहायचं. सरळ पळणाऱ्याला बॉल द्यायचा, दांडग्यांना त्याच्या पुढे उभं करायचं, आणि वळणारा पण टाकून द्यायचा नाही, त्याला कडेला उभा केला की तो वळून बरोबर समोरच्याच्या वाटेत येतो.